पॅलेटवर शिक्का होता, लाकडाला भट्टी लागलीच नव्हती

वाळूज एमआयडीसीत माझं छोटं मशिन शॉप आहे. पंधरा वर्षं दुसऱ्यांचं जॉबवर्क केलं आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा जर्मनीला स्वतःच्या नावावर माल पाठवला. माल म्हणजे फ्लँज, पाइप जोडायच्या लोखंडी चकत्या. त्या चोख होत्या, मापात एकही नग चुकला नव्हता. तिकडे अडकलं ते त्यांच्याखालचं लाकूड.

परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पॅलेटला (मालाखालची फळ्यांची चौकट), खोक्याला कीड मारायची ट्रीटमेंट लागते, म्हणजे लाकूड भट्टीत तापवावं लागतं, एवढं मला सीएचएनं, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटनं, सांगितलं होतं. शहराबाहेरच्या एका वखारवाल्यानं बाकीच्यांपेक्षा पॅलेटमागे 90 रुपये कमी सांगितले. 20 पॅलेट होत्या, म्हणजे 1,800 रुपये वाचणार होते. दोन दिवसांत पॅलेट आल्या. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह, आयएन (भारत), नंबर, एचटी (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का होता आणि सोबत सर्टिफिकेट, तापमानाचा चार्टही होता. भरताना आमचा फोरमन म्हणाला, "मालक, फळ्यांना साल तशीच आहे की." हाताच्या पंजाएवढी साल होती. न्हावा शेवा बंदराला जाणारी गाडी दारात उभी होती. मी म्हणालो, शिक्का आहे ना, भरा.

तीन आठवड्यांनी ग्राहकाचा मेल आला. सोबत फोटो: चाकूनं चिरलेली फळी, आत पांढरी जिवंत अळी, खाली पिठासारखा भुसा. तिथल्या वनस्पती तपासणीवाल्यांनी माल रोखला होता. सगळ्या पॅलेट नष्ट केल्या, माल दुसऱ्या पॅलेटवर घेतला. त्याची मजुरी, फी आणि बंदरातल्या दिवसांचं भाडं धरून बिल सव्वातीन लाखांवर गेलं. ग्राहकाची लाइन चार दिवस थांबली, म्हणून पुढची ऑर्डरही गेली. ते दुःख पैशांपेक्षा मोठं आहे.

वखारवाल्याकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, किडा जहाजात लागला असंल." मला लगेच उत्तर देता आलं नाही, कारण हे अगदीच खोटं नसतं. तापवलेल्या लाकडाला पुढे कीड लागणारच नाही असं काही नाही. म्हणून घरी येऊन त्याचे कागद काढले. त्याच्याकडून आधी नमुन्याच्या खेपेसाठी चार पॅलेट घेतल्या होत्या, त्यांचाही चार्ट फाइलमध्ये होता. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. रेघ तीच. मध्ये एका ठिकाणी तापमान जरा खाली येऊन परत चढतं, तो खळगासुद्धा त्याच जागी. फक्त तारीख बदललेली.

मग शिक्क्यातला नंबर तपासला. हा शिक्का मारायची मान्यता देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे फरीदाबादचं वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय. मान्यता असलेल्या ट्रीटमेंटवाल्यांची यादी त्यांच्याकडे मिळते. तो नंबर दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच माणसाचा निघाला. नंतर वखारीजवळच्या चहाच्या टपरीवर तिथला एक कामगार भेटला. तो म्हणाला, "भट्टी कुठली, मालक? उन्हात टाकतो अन् शिक्का मारतो."

मराठवाड्याचं ऊन. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, फळीला हात लावला तर पोळतो, म्हणून ऐकणाऱ्याला ते पटतंही. पण नियम हवेच्या किंवा फळीच्या पाठीच्या तापमानाचा नाही. लाकडाच्या गाभ्यात 56 अंश तापमान सलग 30 मिनिटं राहायला हवं. त्यासाठी सगळ्यात जाड ठोकळ्याला भोक पाडून आत प्रोब, म्हणजे तापमान मोजायची सळी, घालतात आणि रेकॉर्डर रेघ काढतो. अळी गाभ्यात असते, वरच्या उन्हाला ती दाद देत नाही.

हे युरोपवाल्यांचे नखरे आहेत, असं मलाही वाटायचं. पण 1996 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आशियातून आलेला एक लांब मिशांचा भुंगा सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून गेला असं मानतात, आणि त्याला थोपवायला तिथे हजारो झाडं तोडावी लागली. अशाच अनुभवांतून 2002 मध्ये पॅकिंगच्या लाकडाचं हे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसपीएम 15, आलं. आपल्या बांधावरच्या आंब्यात बाहेरचा किडा शिरला तर आपणही असेच चिडू.

सालीचा नियम मला आधी कळला असता तर ती गाडी मी दारातूनच थांबवली असती. लाकूड सोललेलं असावंच लागतं. 3 सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी राहिली तर चालते. त्याहून रुंद असेल तर तो तुकडा 50 चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान हवा. हाताच्या पंजाएवढी साल म्हणजे ट्रीटमेंट झालेली असली तरी नापास. हे बघायला यंत्र लागत नाही, फोरमनचे डोळे पुरले होते.

आता मी भट्टी भरताना स्वतः जातो किंवा फोरमनला पाठवतो. प्रोब कुठे लावला त्याचा फोटो, त्याच दिवसाचा चार्ट आणि यादीतला नंबर हातात आल्याशिवाय पैसे देत नाही. हलक्या मालाला प्लायवूडच्या पॅलेट वापरतो. प्लायवूड या नियमातून वगळलेलं आहे.

वखारवाल्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे, दोन्ही चार्ट जोडून. पैसे परत आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात आमच्याच लाइनीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, एक जण पॅलेट लई स्वस्त देतोय, घेऊ का?" नाव तेच होतं. नमुन्याच्या खेपेतली एक जादा पॅलेट माझ्या शेडमध्ये अजून पडून आहे. त्याला तिथे नेलं आणि फळी आपटून दाखवली. शिक्क्याच्या खालच्या भोकातून भुसा गळाला.