कन्हान-खिंडसीसाठी सात फुटी तयार संच: काठी ठेवा, तंगूस बदला

सात फुटी दोन तुकड्यांची फायबरग्लासची काठी, ४००० नंबरचं (मध्यम आकाराचं) स्पिनिंग रील आणि त्यावर आधीच भरलेलं तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, असा मासेमारीचा संच दीड-दोन हजारांत मिळतो. नागपूरकडच्या कन्हान नदीवर आणि खिंडसी तलावावर तो कितपत चालतो, ते बघू. काठी घेण्यासारखी आहे. कार्बनच्या काठीला दगडाची टोच लागली की पुढे कधीतरी ती तिथंच मोडते. फायबरग्लास ते सोसते. जड आहे, दिवसभरात मनगट भरून येतं, पण दोन किलोचा रोहू तिच्यावर निवांत खेळवता येतो.

खरी अडचण तंगुसाची. ते जाड, ताठ आणि सैल गुंडाळलेलं असतं. फेकताच वेटोळी सुटून काठीवरच्या पहिल्या कडीत (तंगूस ओवायच्या रिंगेत) गुंता होतो. सगळं काढून टाका आणि ०.३० मिमीचं मऊ नायलॉन भरा. भरताना ते ओल्या फडक्यात चिमटीनं ताणून धरा. स्पूलच्या (रीलच्या तंगूस गुंडाळायच्या फिरकीच्या) काठाखाली २ ते ३ मिमी जागा सोडा. जास्त भरलं तर एकदम चार-पाच वेढे निसटतात, कमी भरलं तर काठाला घासून फेक आखूड पडते. मासा तंगूस ओढत असताना हँडल फिरवू नका, त्यानंच पीळ बसतो. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस सुटू देणारा रीलचा ब्रेक, ताणकाट्यानं (स्प्रिंगच्या वजनकाट्यानं) लावा: ६ किलो ताण सोसणाऱ्या तंगुसाला दीड किलो पुरे.

सोबतचे गळ बारीक तारेचे आहेत, मोठ्या माशाला सरळ होतात. वेगळे घ्याच.

कन्हानच्या धारेत गोल शिसं गडगडत काठाला येतं, चपटं २० ग्रॅमचं जागेवर बसतं. ते तंगुसावर मोकळं सरकू द्या, खाली मणी आणि स्विव्हल (फिरती जोडकडी), पुढे वीतभर तंगूस नि गळ. ओढताना माशाला वजन लागत नाही, म्हणून तो आमिष सोडत नाही. खिंडसीच्या संथ पाण्यात मात्र शिसं नको, तरंगता बोया लावा. रोहू चोखत खातो, त्यामुळे कणीक-पेंडीची गोळी मऊच हवी. मरळीसाठी हा संच अपुरा. ती शेवाळात शिरली की ०.३० तुटतं.

रीलचा सगळ्यात मोठा शत्रू कन्हानची रेती. काठी कधीही रेतीवर आडवी ठेवू नका, कण रीलच्या रोलरमध्ये (तंगूस ज्यावरून वळतं त्या चाकात) गेला की तो फिरत नाही आणि तंगूस कापतो. मे महिन्यात बंद गाडीतही ठेवू नका, ग्रीस पातळ होऊन ड्रॅगच्या चकत्यांत उतरतं. आणि रेती उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, म्हणून कन्हानमध्ये गुडघ्याच्या वर पाण्यात शिरू नका.

जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारा. तोतलाडोहच्या जलाशयावर तर संच नेऊच नका, पेंच व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदी आहे.

दुकानात पैसे देण्याआधी प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर आतली चिनीमातीची रिंग तडकलेली आहे, दुसरी काठी मागा.