मराठी विभाग उत्तम, पण 'ऐतिहासिक'च्या कपाटापाशी जरा जपून

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या पुस्तकांच्या दुकानाचा मराठी विभाग मनापासून आवडावा असा आहे. पुस्तकं कणा दिसेल अशी उभी लावलेली आहेत, प्लास्टिकच्या वेष्टनात बंद नाहीत, आणि बराच वेळ चाळत उभं राहिलं तरी कोणी हटकत नाही. कवितेला आणि नाटकाला स्वतंत्र कप्पे आहेत. एकांकिकासुद्धा नाटकांतून वेगळ्या काढल्यात, हे क्वचितच बघायला मिळतं. कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावल्यामुळे पटकन सापडतात.

अडचण आहे ती उजव्या भिंतीला. तिथल्या पाट्या 'ऐतिहासिक', 'अनुवादित' आणि 'प्रेरणादायी'. यातल्या एकीवरूनही पुस्तकाचा प्रकार कळत नाही. ऐतिहासिक हा विषय झाला, अनुवादित म्हणजे पुस्तक दुसऱ्या भाषेतून आलंय एवढंच, आणि प्रेरणादायी हा तर वाचून होणारा परिणाम! पैसे मोजण्याआधी वाचकाला जे कळायला हवं ते राहूनच जातं: हे सगळं घडलेलं आहे असं लेखकाचं म्हणणं आहे, की त्याने ते रचलंय?

'ऐतिहासिक'च्या एकाच फळीवर रणजित देसाईंची 'स्वामी', सभासदाची बखर आणि जुन्या पत्रांचे संपादित खंड खेटून उभे आहेत. 'स्वामी' ही 1962 सालची कादंबरी. थोरले माधवराव खरे, त्यांची 1761 ते 1772 ही पेशवाईही खरी, पण पत्नी रमाबाईंशी चाललेलं बोलणं कादंबरीकाराचं. सभासदाची बखर म्हणजे शिवाजी महाराजांची जुनी हकिकत, सतराव्या शतकाच्या अखेरीची, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेली. ती कादंबरी नाही, पण पुरावा म्हणून जशीच्या तशी उचलावी अशीही नाही. अभ्यासक ती समकालीन पत्रांशी ताडून पाहतात. पत्रांचे खंड म्हणजे तर मूळ साधनच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा या फळीवरून कादंबरी उचलतो आणि त्यातला संवाद उत्तरात इतिहास म्हणून लिहितो. चूक त्याची जेवढी, तेवढीच पाटीचीही.

नावावरून पुस्तक लावलं की काय होतं ते प्रवासवर्णनाच्या कप्प्यात दिसतं. तिथे बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आहे. 1857 साली आलेलं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं आणि त्याचा विषय आहे विधवांची स्थिती. याउलट गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' खराखुरा प्रवास आहे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेला कोकणातला भिक्षुक 1857च्या धामधुमीत सापडला, त्याची ही हकिकत 1907 साली छापून आली. ती इथे 'ऐतिहासिक'मध्ये गेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' व्यक्तिचित्रांत आहेत. ते आत्मचरित्र आहे आणि त्याची जागा आत्मचरित्रांतच. नाशिकशी इतकं जवळचं नातं असलेलं पुस्तक नाशिकच्याच दुकानात शोधावं लागावं, हे खटकतं.

कर्मचारी आपुलकीने शोधून देतात, पण त्यांचीही पंचाईत होते. बिलाच्या संगणकात पुस्तकामागे एकच विभाग भरलेला असतो, तोही बहुधा प्रकाशकाच्या यादीतून आलेला. तेव्हा 'इतिहासावरचं काहीतरी द्या' असं मोघम सांगू नका. 'चरित्र हवंय, कादंबरी नको' असं स्पष्ट सांगा.

हातातल्या पुस्तकाचा प्रकार ओळखायला फार वेळ लागत नाही. आधी आतलं शीर्षकाचं पान बघा. नावाखाली बारीक अक्षरात 'कादंबरी', 'कथासंग्रह', 'चरित्र' असं बऱ्याचदा छापलेलं असतं. मग त्यामागचं, प्रकाशक-मुद्रकाच्या नोंदीचं पान. 'पात्रे व प्रसंग काल्पनिक' ही ओळ तिथे असली तर प्रश्नच मिटला. मग शेवटची पानं: संदर्भग्रंथ, तळटिपा, व्यक्तिनामांची सूची असेल तर बहुतेक चरित्र किंवा संशोधन. इथे मात्र सावध राहा, कारण काही ऐतिहासिक कादंबऱ्यांनाही संदर्भसूची जोडलेली असते. म्हणून मधलं एखादं पान वाचा. बंद दाराआड दोघंच बोलतायत आणि त्यांचा शब्दन् शब्द अवतरणचिन्हात दिलाय, किंवा मरणाऱ्या माणसाच्या मनात शेवटी काय आलं ते सांगितलंय, आणि आधार कशाचाच नाही, तर ती कादंबरी. चरित्रकार अशा ठिकाणी पत्राचा, रोजनिशीचा दाखला देतो, नाहीतर 'असावं' म्हणून थांबतो.

आत्मचरित्र आणि आठवणी यांतली रेषा पुसट आहे. आत्मचरित्राचा आवाका बहुधा सगळ्या आयुष्याचा, आठवणी एखाद्या कालखंडापुरत्या किंवा माणसापुरत्या. ललितलेखांचं दुखणं निराळं. त्यांतला 'मी' बऱ्याच अंशी खरा, पण प्रसंगांना लेखकाने आकार दिलेला असतो. त्यांना वैचारिक लेखांच्या रांगेत बसवणं बरोबर नाही, इथे मात्र तसंच केलंय.

ग्रंथालयात ड्युई पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेले, आकडे असतील तर हा गुंता बराच सुटतो: मराठी कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463, आणि चरित्रांसाठी 920चा गट. दुकानाने एवढं करायची गरज नाही. 'ऐतिहासिक'च्या कपाटाला चार फळ्या आहेत. त्यांवर कादंबरी, चरित्र, बखरी व साधनं, संशोधन अशा चार पट्ट्या चिकटवल्या तरी पुरे. 'अनुवादित'ची दोन भागांत वाटणी करावी, कथा-कादंबरी एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे. तोवर माझ्याकडून पाचपैकी चार तारे, आणि कवितेच्या कप्प्यासाठी दुकानदारांचे खास आभार.