पान खरं होतं, लायसन्स दुसरंच होतं

मुलीने अकरावीला कॉमर्स घेतलं, तेही गणित सोडून. वैमानिक व्हायचं डोक्यात शिरलं ते बारावीच्या निकालानंतर. मग कुणीतरी सुचवलेल्या एका करिअर सल्लागाराकडे गेलो. माझा पहिलाच प्रश्न होता, "हिला फिजिक्स नाही, मॅथ्स नाही. चालेल का?"

"ताई, हे जुने समज आहेत. नियमच दाखवतो," म्हणत त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. डीजीसीएचाच, म्हणजे वैमानिकांना लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचाच, नियम होता. शैक्षणिक पात्रता, दहावी उत्तीर्ण. मी दोनदा वाचलं. त्यात बनावट काहीच नव्हतं, म्हणून तर फसले.

ते पान प्रायव्हेट पायलट लायसन्सचं, म्हणजे पीपीएलचं होतं. त्याला 17 वर्षं वय आणि दहावी पुरते. पण पीपीएलवर पगार घेऊन विमान चालवता येत नाही. एअरलाइनसाठी कमर्शियल, म्हणजे सीपीएल लागतं. त्याला वय 18, 200 तासांचं उड्डाण, आणि बारावीला फिजिक्स व मॅथ्स. पी की सी एवढंच मला बघायचं होतं, आणि तेवढंच मी बघितलं नाही. वर त्याने सांगितलं की आमची एव्हिएशनची पदवी घेतली की बारावीचे विषय कोणी विचारत नाही. सीपीएलला पदवी लागतच नाही, आणि असली तरी ती या दोन विषयांची जागा घेत नाही.

फी भरून मुलीला त्यांच्याकडेच घातलं. वर्ग मात्र नीट झाले, हे कबूल करते. मेटिऑरॉलॉजीचे, म्हणजे हवामानशास्त्राचे, सर तर फार छान शिकवायचे. मुलगी घरी येऊन मला ढगांचे प्रकार समजावायची. सिम्युलेटरचे पैसे वेगळे घेतले, "प्रत्येक तास लॉगबुकात", म्हणजे उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत, "जातो" असं सांगून. सीपीएलला जे 10 तास इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवरून उडवणं, लागतं, त्यातले फार तर 5 सिम्युलेटरवरचे चालतात, आणि तो सिम्युलेटर मान्यताप्राप्त हवा. यांच्याकडे तीन स्क्रीन आणि एक खुर्ची होती.

पितळ उघडं पडलं ते कॉम्प्युटर नंबरच्या वेळी. डीजीसीएची लेखी परीक्षा द्यायला तो नंबर लागतो, आणि त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणी मागतात. मुलीने वाचून दाखवलं, फिजिक्स आणि मॅथ्स. मी तशीच त्या ऑफिसात गेले.

"ताई, आम्ही पायलट लायसन्स म्हणालो होतो. कमर्शियल कुठे म्हणालो?"

पावती काढून बघितली. 'एव्हिएशन फाउंडेशन, शुल्क परत मिळणार नाही.' पायलट हा शब्द आख्ख्या कागदावर नव्हता. तोंडी दिलेली वचनं त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागितली असती तर आज हातात काहीतरी असतं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनही दावा लावता येतो, हे तिथे गेल्यावर कळलं.

खरा मार्ग फार अवघडही नव्हता. बारावी झालेल्या मुलांना एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, फक्त फिजिक्स आणि मॅथ्स देता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते. निकालानंतर लगेच नाव घातलं असतं तर एव्हाना दोन्ही विषय सुटले असते. आता ती तेच करते आहे. कॉमर्सच्या मुलीला त्रिकोणमिती जड जाते, पण रेटते आहे. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास 2 मेडिकल, म्हणजे वैमानिकासाठीची पहिली वैद्यकीय तपासणीही करून घेतली. खरं तर कुठलीही फी भरण्याआधी ती व्हायला हवी होती, सल्लागार म्हणाला होता, "ते शेवटी बघू."

परवा त्याच ऑफिसातून फोन आला. मुक्त विद्यालयाचा फिजिक्स-मॅथ्सचा निकाल 'गॅरंटीने' लावून देतो म्हणाले, मुलीला परीक्षेला बसायचीही गरज नाही. मी नंबर तक्रारीला जोडला.