भंगारात विकलेल्या चेन ब्लॉकलाही 'सुस्थितीत' असल्याचं सर्टिफिकेट

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पाच टनी ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर फिरणारी विजेची क्रेन), चेन ब्लॉक (साखळी ओढून वजन उचलायची कप्पी) आणि रोज हाताळले जाणारे वायर रोप स्लिंग (ओझ्याला गुंडाळायचे तारेचे दोर), बेल्ट, डी शॅकल (जोडणीच्या लोखंडी कड्या). 2024 मध्ये या सगळ्याच्या वार्षिक तपासणीच्या नावाखाली एका एजंटने आम्हाला फसवलं. तो सातपूर आणि सिन्नरकडेही कामं घेतो असं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तो ओळखीतून आला. बोलणं नम्र, फाइलमध्ये दुसऱ्या कंपन्यांची सर्टिफिकेटं लावलेली. म्हणाला, "ताई, लोड टेस्टिंगसकट सगळं करून देतो. तुमचं प्रोडक्शन एक ताससुद्धा थांबणार नाही." दर बाजारभावापेक्षा बराच कमी. 'फॉरमॅट जुळवायला' म्हणून त्याने मागच्या वर्षीच्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स मागून घेतल्या. मग एक मुलगा आला, खाली उभा राहूनच क्रेनचे फोटो काढले आणि इंजिनिअर साहेब टेस्टिंगला नंतर येतील असं सांगून गेला. साहेब आलेच नाहीत, सर्टिफिकेटं मात्र आली. फोन केला तर उत्तर मिळालं, "साहेब सुट्टीच्या दिवशी येऊन गेले, वॉचमनला विचारा." वॉचमनने त्या दिवशी गेटच उघडलं नव्हतं. पैसे तोवर गेलेले होते.

खरा प्रकार उघड केला आमच्या नानांनी. क्रेनखाली त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "ताई, हा दोन टनाचा चेन ब्लॉक तर आपण दिवाळीआधी भंगारवाल्याला दिला." त्या चेन ब्लॉकच्या नंबरापुढे लिहिलं होतं: तपासला, सुस्थितीत, वापरण्यास योग्य. नवीन घेतलेल्या बेल्टांचा यादीत पत्ताच नव्हता. मागच्या वर्षीची यादी जशीच्या तशी उतरवून फक्त तारखा बदलल्या होत्या.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 खाली आमच्यावर बंधन होतं ते असं: क्रेनसारखी उचल यंत्रं, साखळ्या, दोर आणि इतर सगळं लिफ्टिंग टॅकल (उचलण्याचं जोडसाहित्य) वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे अशा तपासणीसाठी सरकारी मान्यता असलेल्या माणसाकडून, कसून तपासून घ्यायचं आणि त्याची नोंदवही ठेवायची. टॅकलमध्ये हुक, शॅकल, स्लिंग, क्लॅम्प सगळं येत होतं. नुसत्या क्रेनचा कागद पुरत नव्हता. मालाची किंवा माणसांची लिफ्ट असेल तर कलम 28 प्रमाणे दर सहा महिन्यांनी तपासणी लागत होती. कसून तपासणी म्हणजे डोळ्यांनी पाहणं आणि गरज पडली तर भाग खोलूनही पाहणं, अशी व्याख्याच त्या कायद्यात दिलेली होती. हे चुकलं तर कलम 92 नुसार भोगवटादार (कारखान्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती) आणि मॅनेजर दोघेही दोषी ठरत होते: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एजंटचं नाव तिथे कुठेच येत नव्हतं.

आम्ही क्रेन तिथेच बंद केली आणि मान्यता असलेल्या सक्षम व्यक्तीला बोलावलं. त्या गृहस्थांनी आल्याआल्या मेन स्विच बंद करून कुलूप लावायला सांगितलं आणि स्वतः वर चढले. दोरावरचं ग्रीस फडक्याने पुसत पुसत सगळी लांबी पाहिली. हुकाचं तोंड व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजून मूळ मापाशी ताडलं. हुक वर नेऊन लिमिट स्विच वेळेवर वीज तोडून तो थांबवतो का ते पाहिलं, मग वजन टांगून ब्रेक. प्रत्येक स्लिंग जमिनीवर पसरून हातात घेतला. पुलीवरून जिथे दोर वळतो तिथे तारा तुटलेल्या निघाल्या. हुकाची लॅच (दोर निसटू नये म्हणून तोंडावर असलेली पट्टी) गायब होती. दोन बेल्टांच्या कडा फाटलेल्या आणि सेफ वर्किंग लोडचे (किती वजन सुरक्षित उचलता येईल ते सांगणारे) टॅग गेलेले. ते त्यांनी तिथेच कापायला लावले. त्या दोराखाली आमची वेल्डरची पोरं रोज बीम फिरवत होती. पैशापेक्षा याचाच मला आजही जास्त संताप येतो.

बनावट सर्टिफिकेटवर सही होती तिचा मान्यता क्रमांक घेऊन मी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात गेले. ती मान्यता प्रेशर व्हेसलसाठीची (दाबाखालच्या टाक्यांसाठीची) होती, उचल यंत्रांसाठीची नव्हतीच, शिवाय मुदतही संपलेली. सक्षम व्यक्तीची मान्यता ठरावीक कामापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते, हे तिथल्या अधिकाऱ्यांनी नीट समजावून सांगितलं. तेव्हा काम देण्याआधी मान्यतापत्राची प्रत मागा, त्यावरचं काम आणि तारीख वाचा, शंका आली तर कार्यालयात विचारून या. प्रत्येक स्लिंगवर, शॅकलवर स्वतःचा ओळख क्रमांक ठोका आणि सर्टिफिकेट आलं की यादी हातात घेऊन एकेका वस्तूशी जुळवा. आणि क्रेन बंद न ठेवता तपासणी करून देतो म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा. चालत्या क्रेनचा दोर कुणाला पुसून पाहता येत नाही.

पोलिसांकडे आणि संचालनालयाकडे आम्ही लेखी तक्रार दिली आहे. सोबत भंगाराची पावती जोडली, कारण त्या चेन ब्लॉकची विक्रीची तारीख सर्टिफिकेटवरच्या तपासणीच्या तारखेच्या आधीची आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. तुमच्याकडेही असा कागद आला असेल तर जुन्या यादीशी ताडून पाहा, आणि तोवर त्या क्रेनने वजन उचलू नका.