उन्हाळी इंटर्नशिप: जमीन राखायची की बिघडलेली सावरायची?

दोन्हीकडच्या जाहिराती जवळपास सारख्याच दिसतात: हातमोजे, टोपी, मागे पसरलेला माळ. पण संरक्षित जमिनीची राखण आणि बिघडलेल्या परिसंस्थेचं पुनरुज्जीवन या दोन कामांत उन्हाळ्याचे दहा-बारा आठवडे फार वेगळे जातात. अर्ज करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

राखणीत जमीन मुळात बऱ्या स्थितीत असते, ती तशीच टिकवायची असते. हद्दीवरून चालत जायचं, खुणेचे दगड आणि पाट्या जागेवर आहेत का ते बघायचं, कुणी झाड तोडलंय किंवा राडारोडा टाकलाय असं दिसलं की फोटो काढून जीपीएसवर नोंद करायची. पायवाटा दुरुस्त करायच्या, कुंपणाच्या तारा ओढायच्या. शेजारच्या जमीनमालकांशी बोलणं हाही कामाचाच भाग, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा. नकाशा वाचणं, अवजारं हाताळणं आणि माणसांशी नीट बोलणं, एवढं तरी पदरात पडतंच.

पुनरुज्जीवनाला जाणाऱ्यांना वाटतं, आपण झाडं लावणार. समशीतोष्ण भागात लागवड बहुधा वसंतात किंवा शरदात होते, कारण कडक उन्हात रोप तग धरत नाही. उन्हाळ्यानंतर मोसमी पाऊस येणाऱ्या प्रदेशात हे महिने खड्डे आणि चर खोदण्यात जातात आणि रोप मातीत जातं तोवर तुमची मुदत संपलेली असते. म्हणजे हाती उरतं ते तण काढणं, बी गोळा करणं आणि वनस्पतींची मोजणी.

यात कमीपणा काहीच नाही. उलट खरी विद्या इथंच आहे. घाणेरी या तणासारख्या माजणाऱ्या झुडपाचंच बघा. वरवर छाटली की ती बुंध्यातून दुप्पट जोमानं फुटते. म्हणून जमिनीच्या थोडं खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. बियांचंही तसंच. बी तोडण्याआधी दोन-चार बिया कापून आत भरीव गर आहे की पोकळ, किडलेलं आहे, ते बघतात. अमेरिकेत २००१ पासून चालणाऱ्या 'सीड्स ऑफ सक्सेस' या देशी बियाण्यांच्या कार्यक्रमाचा दंडक आहे: किमान ५० झाडांवरून बी घ्यायचं, म्हणजे जनुकीय वैविध्य टिकतं, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, म्हणजे मूळ जागा उघडी पडत नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट गवतात टाकून आतल्या एकेका जातीची नोंद करताना पहिल्या आठवड्यात सगळंच गवत एकसारखं दिसतं. नंतर पानाच्या बुडाशी असलेल्या लवीवरूनही जात ओळखता येऊ लागते.

धीर मात्र हवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममधल्या, म्हणजे वनस्पती उद्यानातल्या, कर्टिस प्रेरी या गवताळ माळावर १९३० च्या दशकात पुनरुज्जीवनाचं काम सुरू झालं, आणि उपऱ्या वनस्पतींशी झगडा तिथं अजून चालूच आहे. एका उन्हाळ्यात बदल डोळ्यांना दिसायला हवा असेल, तर राखणीत दुरुस्त झालेली पायवाट जास्त समाधान देईल.

मानधन, राहायची सोय आणि कामाच्या जागी न्यायला गाडी, हे दोन्हीकडे लेखी घ्या. तणनाशक फवारायला लावणार असतील तर प्रशिक्षण आणि संरक्षक साहित्य कोण देणार, हेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर तिथं जाऊ नका.

पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्याला मी राखण सुचवेन, कारण कामात विविधता असते आणि आपल्याला काय झेपतं ते लवकर कळतं. वनस्पती ओळखण्याची गोडी असेल किंवा पुढे संशोधनाकडे वळायचं असेल, तर बेधडक पुनरुज्जीवन घ्या. मुलाखतीत फक्त एक मागा: गेल्या उन्हाळ्यातल्या इंटर्नांनी भरलेले मोजणीचे तक्ते. ते लगेच काढून दाखवले आणि त्यावरून यंदा काय बदललं हे सांगता आलं, तर तुमचेही तक्ते पुढच्या वर्षी कुणीतरी उघडणार आहे.