बेस गिटार कानाने लावायची तर पाचवा फ्रेट की हार्मोनिक?

माझं मत आधीच सांगून टाकतो, हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला उंच सूर. पण बेस हातात घेऊन पहिलाच आठवडा असेल तर पाचवा फ्रेट (दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेली घरं म्हणजे फ्रेट), कारण त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही, सगळ्यात जाड ई तार पाचव्या फ्रेटला दाबली की ए वाजतो, मोकळी ए तार त्याला जुळवायची, मग ए वरून डी, डी वरून जी. झालं.

भानगड अशी की बेसचे सूर फार खाली असतात. मोकळी ई ४१.२ हर्ट्झ, ए ५५. दोन सूर जरासे सरकलेले असले की एक लाट ऐकू येते, वॉव... वॉव... आणि जुळत आलं की ती संथ होत जाते, पण इतक्या खाली नुसती घरघर असते, लाट कुठली नि तारेचा आवाज कुठला तेच कळत नाही. शिवाय डावा हात फ्रेटवर अडकलेला, मग उजवा हात आडवा नेऊन खुंटी फिरवायची, त्या धडपडीत बोट जास्त दाबलं गेलं की सूर चढतो आणि आपण चढलेल्या सुराला पुढची तार लावून मोकळे. मी कित्येक महिने हेच करत होतो आणि शिव्या तारांना देत होतो.

हार्मोनिकला ई तारेवर पाचव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोब्बर वर बोट नुसतं टेकवायचं, तार छेडायची, बोट लगेच उचलायचं. तसंच ए वर सातव्या फ्रेटला. दोन्ही सूर १६५ हर्ट्झच्या आसपास, लाट स्वच्छ ऐकू येते, आणि ते वाजत असताना दोन्ही हात मोकळे! तार आधी जरा सैल करून खालून वर आणायची, वरून खाली आणली तर थोड्या वेळात परत उतरते. फ्रेटलेस (पट्ट्या नसलेला बेस) असेल तर मग विचारच करू नका, हेच.

यात एक गोची आहे. लाट पूर्ण थांबवली तर प्रत्येक जोडीत (ई-ए, ए-डी, डी-जी) फ्रेटच्या हिशोबापेक्षा साधारण २ सेंटचा फरक राहतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), ई पासून सुरू केलं तर जी पर्यंत ६ सेंट, म्हणजे जी किंचित उतरलेली. म्हणून मी ए आधी लावतो (४४० हर्ट्झचा, म्हणजे ए वाजवणारा ट्यूनिंग फोर्क), तिच्यावरून एकीकडे ई, दुसरीकडे डी, आणि जी शेवटी ई च्या तिसऱ्या फ्रेटशी ताडून बघतो, तिथे खालच्या सप्तकातला जी मिळतो. बोट मात्र हलकं.

तारा जुन्या होऊन मेल्या असतील तर हार्मोनिक नीट वाजतच नाहीत, तेव्हा नाइलाजाने पाचवा फ्रेट. आणि शेजारी ड्रमर बडवत बसला असेल तर दोन्ही विसरा, ट्यूनर पेडल (सूर बरोबर आहे का ते दाखवणारं पायाशी ठेवायचं यंत्र) लावा.