वावेल कॅथेड्रल, क्राकोव: सोनेरी घुमट बघा, पण तळघर सोडू नका

पोलंडमधल्या या कॅथेड्रलला पाचपैकी पाच. ज्या टूरवाल्याबरोबर गेलो त्याला एक, तोही बसचा एसी चालू होता म्हणून. एवढ्या जागेला त्याने पाऊण तास दिला होता, शेवटी ग्रुप सोडून आम्ही दोघं मागे थांबलो आणि तेच बरं झालं.

सगळे काय करतात, तर दाराशी साखळीला टांगलेली 'ड्रॅगनची हाडं' बघतात (मॅमथ, देवमासा वगैरेंची आहेत, पण ती पडली की जगबुडी अशी तिथली समजूत), मग सोनेरी घुमटाच्या झिग्मुंट चॅपलसमोर माना वर करतात आणि परत फिरतात. चॅपल सुंदरच आहे, फ्लॉरेन्सहून आलेल्या बेरेच्चीने १५१९ ते १५३३ मध्ये बांधलंय, नावं ठेवायला जागा नाही. पण मला विचाराल तर तिकिटाचे पैसे वसूल होतात ते खाली, शवपेट्या ठेवलेल्या तळघरात.

आधी वरचं थोडं. पोलंडच्या राजांना इथे पुरायची पद्धत सुरू झाली १३३३ ला, वोकिएतेक राजापासून. त्याचा पोरगा काझिमिएझ द ग्रेट पण इथेच, लाल संगमरवरात. यागिएलो राजाच्या समाधीला घाईत वळसा घालू नका, खाली वाकून चौथऱ्याकडे बघा, तिथे शिकारी कुत्री आणि ससाणे कोरलेत. आणि राणी याद्विगा, १३९९ मध्ये बाळंतपणात गेली. १९४९ मध्ये तिची कबर उघडली तर आत राजदंड निघाला लाकडाचा, वरून सोनेरी मुलामा. दागिने तिने युनिव्हर्सिटीला देऊन टाकले होते म्हणतात. आता तो राजदंड काचेत ठेवलाय, दिसायला अगदीच साधा, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभा होतो.

नंतरचा राजा काझिमिएझ चौथा, त्याची गोष्ट गाईड हमखास सांगतात. १९७३ मध्ये त्याची कबर उघडली, नंतर उघडणाऱ्या टीममधले काहीजण पटापट गेले, मग काय, पेपरात शापाचा धुरळा. पुढे तिथे ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी सापडली, म्हणजे आपल्याकडे ओल्या राहिलेल्या भुईमुगावर येते तीच. बुरशीची गोष्ट मला शापापेक्षा भारी वाटली.

आता तळघर. जिना अरुंद, छत काही ठिकाणी बुटकं, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून उतरा. सुरुवातीलाच सेंट लिओनार्डचं तळघर, दगडी जाडजूड खांब, वरच्या कॅथेड्रलपेक्षा कितीतरी जुनं. इथे सोबिएस्की आहे, १६८३ ला व्हिएन्नाजवळ तुर्कांना हरवणारा. हा राजा म्हणून निवडून आला मे १६७४ मध्ये आणि जूनमध्ये रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक, हे डोक्यात आलं आणि मी बायकोला तिथेच हळू आवाजात लेक्चर दिलं.

पण खरी गंमत राजे संपल्यावर सुरू होते. १७९५ ला रशिया, प्रशिया, ऑस्ट्रियाने मिळून पोलंड वाटून घेतला, नकाशावर देशच उरला नाही, थेट १९१८ पर्यंत. मग लोकांनी काय केलं, तर राजांच्या शेजारी आपली माणसं आणून ठेवायला सुरुवात केली. स्वातंत्र्यासाठी लढलेला सेनापती कोश्चुश्को स्वित्झर्लंडमध्ये वारला, १८१८ मध्ये त्याला इथे आणलं. कवी मिकिएविचला १८९० मध्ये फ्रान्समधून आणलं, राजा नाही की सरदार नाही, कवी! १८६९ मध्ये दुरुस्ती करताना काझिमिएझ द ग्रेटची हाडं चुकून उघडी पडली तर त्याचा दुसऱ्यांदा अंत्यविधी केला, आणि तोही असा की ऑस्ट्रियाच्या राज्यात राहून सगळ्या पोलंडने आपण अजून आहोत हे दाखवून दिलं. मोर्चाला परवानगी मिळणार नाही पण अंत्ययात्रेला कोण नाही म्हणणार.

भांडणं पण इथलीच. १९१८ नंतरच्या स्वतंत्र पोलंडचा नेता मार्शल पिल्सुद्स्की, त्याला १९३५ मध्ये इथे ठेवलं आणि १९३७ मध्ये आर्चबिशपने शवपेटी दुसऱ्या तळघरात हलवली तर देशभर बोंबाबोंब. २०१० मध्ये विमान अपघातात गेलेले राष्ट्राध्यक्ष काचिन्स्की आणि त्यांची पत्नी यांना पिल्सुद्स्कीच्या शेजारीच जागा दिली, तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले होते की हे राजांच्या रांगेत कसे. मला त्यात पडायचं नाही, पण शंभर वर्षांनीही तळघरातल्या जागेवरून एवढं पेटतं म्हणजे ती जागा नुसती म्युझियम झालेली नाही.

कोल्हापूरकरांनी जनरल सिकोर्स्कींची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पोलंडच्या परागंदा सरकारच्या पंतप्रधानांची, शवपेटी आवर्जून बघा. १९४१ मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाशी करार केला म्हणून तिकडे डांबलेले पोलिश लोक सुटले, आणि त्यातलेच हजारो, बहुतेक बायका-पोरं, १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. सिकोर्स्की त्याच वर्षी जिब्राल्टरला विमान पडून गेले, इथे आणले १९९३ ला. आमच्या गाईडला वळिवडे माहीत नव्हतं, मीच सांगितलं.

कामाचं: आत फोटो काढू देत नाहीत, काढूच नका. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे दुपारनंतर जा. तळघर आणि घंटेचा मनोरा एकाच तिकिटात होतो, शेजारच्या राजवाड्याचं तिकीट मात्र वेगळं. दोन तास तरी हातात ठेवा, आणि टूरवाला पाऊण तास म्हणाला तर आधीच भांडून घ्या.